नव्या पियानोचं पहिलं वर्ष: सूर का उतरतो आणि बेळगावच्या हवेत ट्यूनिंग कधी करायचं

नवाकोरा पियानो घरात येतो, चार-सहा आठवडे जातात आणि मधल्या सप्तकातल्या दोन-तीन पट्ट्या गढूळ वाजायला लागतात. मग दुकानाला फोन जातो, "माल खराब दिलात का?" बहुतेक वेळा माल चांगलाच असतो. नव्या पियानोचा सूर जुन्यापेक्षा लवकर उतरतो, पहिल्या वर्षात तर सगळ्यांत जास्त. म्हणून बहुतेक कंपन्या पहिल्या वर्षात तीन ते चार वेळा आणि पुढे वर्षातून किमान दोनदा ट्यूनिंग करायला सांगतात. हे आकडे कंपनीचा धंदा वाढवण्यासाठी काढलेले नाहीत. त्यामागचं कारण तारेत आणि लाकडात आहे, आणि आपल्या भागात ते जास्तच लागू पडतं.

मिरजेहून आणलेल्या तंबोऱ्यावर नव्या तारा चढवल्या की त्या पहिले काही दिवस उतरत राहतात. गाणारा दर बैठकीआधी खुंटी पिळतो, मणी सरकवतो आणि हळूहळू तारा बसतात. पियानोत हेच होतं. फरक इतका की तंबोऱ्याला तारा चार, पियानोला २२०च्या आसपास, आणि मणी सरकवून भागत नाही.

आत नेमकं काय हलतं

पियानोला ८८ पट्ट्या असतात. सर्वांत खालच्या सुरांना एकेक जाड तार, तांब्याची तार गुंडाळलेली. त्यावरच्या सुरांना दोन-दोन, आणि मधल्या व वरच्या सुरांना तीन-तीन साध्या पोलादी तारा. एकेका तारेवर साधारण ७० ते ९० किलोंचा ताण असतो. सगळा मिळून १६ ते २० टन. हा भार ओतीव लोखंडाची फ्रेम सांभाळते.

तारेचं एक टोक फ्रेमवरच्या खिळीत अडकवलेलं, दुसरं खुंटीभोवती सुमारे तीन वेढे मारून बसवलेलं. या दोन टोकांमध्ये तार घोडीवरच्या तिरक्या खिळ्यांतून वळून जाते. तार नवी असताना यातलं प्रत्येक वळण थोडं गोलसर असतं. ताणाखाली ते महिनोन् महिने टोकदार होत जातं, खुंटीवरचे वेढे एकमेकांना घट्ट बिलगतात, आणि पोलादही सतत ओढलेलं राहिल्यामुळे अगदी किंचित लांबतं. एवढ्या बारीक गोष्टींनी सूर हलतो का? हिशोब करून बघा. तारेचा ताण १ टक्का कमी झाला की कंपनसंख्या अर्धा टक्का कमी होते. ८० किलोंच्या तारेवरून फक्त ८०० ग्रॅम ताण गेला तर ४४०चा सूर (सेकंदाला ४४० कंपनं, पियानो लावायचा ठरलेला सूर) ४३७.८वर येतो, म्हणजे जवळजवळ ९ सेंट खाली. (काळ्या-पांढऱ्या धरून दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट.) ९ सेंट उतरलेला स्वर हार्मोनियमशेजारी वाजवला तर कुठल्याही गाणाऱ्याच्या कानाला खटकेल.

तारांखाली साउंडबोर्ड असतो. स्प्रूस जातीच्या लाकडाची जेमतेम ८-९ मिलिमीटरची फळी, मध्ये थोडी फुगीर केलेली, आपल्या तंबोऱ्याच्या तबलीचं काम करणारी. घोडी या फळीवर चिकटवलेली असते आणि तारा घोडीला खाली दाबतात, सगळ्या मिळून शेकडो किलोंनी. नवी फळी या दाबाखाली काही महिने बसत जाते. ती बसली की घोडी खाली येते, घोडी खाली आली की सगळ्या तारा एकदम थोड्या सैल होतात.

कारखान्यातून निघण्यापूर्वी पियानो अनेकदा लावलेला असतो. पण तिथली हवा नियंत्रित असते. तिथून तो कंटेनरमधून जहाजाने येतो, गोदामात थांबतो, मग पुण्याहून किंवा बंगळुरूहून हायवेने, नाहीतर गोव्याकडून चोर्ल्याच्या घाटातून तुमच्या दारात उतरतो. हलवण्यापेक्षा या हवापालटाचा त्रास त्याला जास्त होतो.

लाकूड आणि आपला पाऊस

तारा वर्ष-दीड वर्षात बऱ्यापैकी बसतात. लाकूड मात्र कधीच बसत नाही, ते दर ऋतूत हलतं. हवेतला ओलावा वाढला की साउंडबोर्ड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतो, त्याचा फुगवटा वाढतो, घोडी वर उचलली जाते आणि सूर चढतो. हवा कोरडी पडली की उलट. हे सगळीकडे सारखं होत नाही, आणि खरी पंचाईत तीच. सर्वांत जास्त हालचाल दिसते ती जाड गुंडाळलेल्या तारा संपून साध्या तारा सुरू होतात तिथल्या सप्तकात. खालचा खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी हलतात. म्हणून पावसाळ्यात पियानो नुसता चढत नाही, तो वाकडा होतो: मधला भाग वर, बाकीचा जागच्या जागी.

पियानोला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आता आपला सीमाभाग बघा. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. बेळगाव शहरात जुलैत घरातली आर्द्रता ८०च्या वर राहते. अथणी, रायबागकडे पाऊस कितीतरी कमी आणि उन्हाळ्याची दुपार कोरडीठाक. बीदर, भालकीकडेही एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. कारवारला वर्षभर दमट हवा, शिवाय खारा वारा, त्यामुळे तिथे सुरापेक्षा गंजाची काळजी आधी. एकाच कंपनीचे एकाच दिवशी घेतलेले दोन पियानो, एक खानापुरात आणि एक अथणीत ठेवला, तर त्यांचं वेळापत्रक एक असू शकत नाही. "सहा महिन्यांनी एकदा" हा नियम कॅलेंडर बघून पाळू नका, हवा बघून पाळा.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक

पियानो आला त्याच दिवशी ट्यूनिंग करून घेऊ नका. अनेक दुकानं विक्रीबरोबर एक ट्यूनिंग फुकट देतात आणि माणूस गाडीबरोबरच पाठवायला बघतात. त्यांना स्पष्ट सांगा की दोन-तीन आठवड्यांनी पाठवा. तोवर लाकूड तुमच्या खोलीच्या हवेला सरावतं. आल्या दिवशी केलेलं ट्यूनिंग महिन्याभरात वाहून जातं आणि फुकटचा फेरा संपलेला असतो.

खरेदीची वेळ हातात असेल तर दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत घ्या. हवा फार ओली नाही, फार तापलेली नाही, आणि पियानोला पुढच्या पावसाआधी पाच-सहा महिने मिळतात. नोव्हेंबरात आला असं धरलं तर पहिलं ट्यूनिंग डिसेंबरच्या सुरुवातीला, दुसरं फेब्रुवारीच्या अखेरीस, तिसरं जुलैच्या अखेरीस पाऊस स्थिरावल्यावर, आणि चौथं पुन्हा डिसेंबरात. या चारांतलं एखादं चुकवायचंच असेल तर पहिली दोन चुकवू नका. तारा सगळ्यांत जास्त उतरतात त्या याच काळात. तेव्हा सूर पुन्हा पुन्हा ४४०वर आणला तर पियानो त्या ताणाला बसतो. सोडून दिला तर तो खालच्या ताणाला बसतो, आणि पुढे वर ओढायला दुप्पट काम लागतं.

मे महिन्यात आला तर मात्र थोडं थांबावं लागतं. तीन आठवड्यांनी म्हणजे जूनमध्ये ट्यूनिंग केलं तर आर्द्रता अजून चढतीवर असते आणि जुलैपर्यंत मधलं सप्तक पुन्हा वर गेलेलं असतं. अशा वेळी पहिलं ट्यूनिंग जुलैच्या मध्यावर, दुसरं नोव्हेंबरात, तिसरं जानेवारीत, चौथं पुढच्या पावसात.

दुसऱ्या वर्षापासून दोन वेळा पुरतात: एक जुलैअखेर ते ऑगस्ट, दुसरं डिसेंबर-जानेवारी. दोन्ही वेळा हवा एका जागी ठरलेली असते. जून आणि ऑक्टोबर हे सगळ्यांत वाईट महिने, कारण हवा तेव्हा रोज बदलत असते. वर्षातून एकदाच जमणार असेल तर नोव्हेंबर धरा. वर्षभराच्या चढउताराच्या साधारण मध्यावर तो येतो. परीक्षा किंवा कार्यक्रम असेल तर आठवडाभर आधीचं ट्यूनिंग वेगळं समजा.

ऑगस्टमध्ये मधलं सप्तक १० सेंट चढलेलं असताना ते ओढून ४४०वर आणायचं की नाही, यावर जाणकार ट्यूनर तुम्हाला विचारेल. पियानो एकटाच वाजत असेल तर त्या मोसमात सगळा पियानो ४४१-४४२ला जुळवणं चांगलं. कमी तारा ओढाव्या लागतात, सूर टिकतो आणि हिवाळ्यात तो फार खाली घसरत नाही. हार्मोनियम, बासरी किंवा चर्चमधल्या कीबोर्डबरोबर वाजत असेल तर ४४०च हवा. पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखा हार्मोनियमवादक घडवणाऱ्या आपल्या गावात घराघरात पेटी आहे, तेव्हा बहुतेकांसाठी उत्तर ४४०च आहे. पेटीचे सूर धातूच्या पट्ट्यांचे, पावसाने ते फारसे हलत नाहीत. हलतो तो पियानो.

जागा

बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या, पियानो लावू नका. आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने येतो आणि भिंत आतून गार व ओली राहते. उभ्या पियानोचा साउंडबोर्ड मागच्या बाजूलाच असतो, म्हणजे तो ओलीच्या तोंडावरच बसवल्यासारखा. घराच्या आतल्या भिंतीला, तरीही १०-१५ सेंटिमीटर अंतर ठेवून लावा. खिडकीतलं ऊन थेट पडू नये. तार तापली की लांबते आणि सूर उतरतो, शिवाय पॉलिश जातं. एसीचा झोत नको. अथणी-बीदरकडे उन्हाळ्यात पाण्याचा कूलर लावतात, त्याचा झोत तर अजिबात नको. दिवसा ओली हवा, रात्री कूलर बंद झाला की कोरडी, असा रोजचा झटका लाकडाला बसतो.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती: पावसाळ्यात दिवाणखान्यात दोऱ्या बांधून कपडे वाळवायचे असतील तर पियानोच्या खोलीत वाळवू नका. बादलीभर धुतलेल्या कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी त्या बंद खोलीच्या हवेत जातं. मग कितीही महागडा उपाय केला तरी उपयोग नाही.

झाकायला सुती कापड घ्या. प्लास्टिकचं किंवा रेक्झिनचं जाड कव्हर खालून अडकलेली ओल बाहेर जाऊ देत नाही. उभा पियानो २०० ते २५० किलोंचा असतो, चाकांखाली वाट्या ठेवा म्हणजे फरशीला खड्डे पडणार नाहीत. जुन्या लाकडी जमिनीच्या घरात वाळवी नाही ना, हे आधी बघा. उंदरांना आतला फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) घरट्यासाठी फार आवडतो आणि कसरीला खायला, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी खालचं फळकूट काढून टॉर्चने आत नजर टाका.

स्वतः काय तपासायचं

ट्यूनर गावात नाही. तो पुण्याहून, गोव्याहून किंवा बंगळुरूहून येणार. त्यामुळे त्याला कधी बोलवायचं हे ठरवण्याएवढं तुम्हाला स्वतःला कळलं पाहिजे. दोन वस्तू लागतात: एक डिजिटल आर्द्रता मापक आणि फोनवरचं ट्यूनर ॲप.

स्वस्त आर्द्रता मापक पाच-दहा टक्क्यांनी चुकीचं दाखवू शकतं, म्हणून आधी ते पारखून घ्या. बाटलीच्या बुचात साधं मीठ भरा आणि थेंब-थेंब पाणी घालून ते ओलसर लगद्यासारखं करा. विरघळलं तर पाणी जास्त झालं, पुन्हा मीठ घाला. बूच आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा, मीठ मापकाला लागू देऊ नका. ८ ते १२ तासांनी, पिशवी न उघडता आकडा वाचा. ओल्या मिठाभोवतीची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर इथून पुढे त्याच्या आकड्यात ५ मिळवायचे. मग मापक पियानोजवळ, पण खिडकीपासून दूर ठेवा.

सूर मोजायला डावीकडून ४९वी पट्टी घ्या, काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून. ही पट्टी म्हणजे मधली पांढरी ६ (इंग्रजीत A), तिची कंपनसंख्या ४४०. तिच्यासोबत ३७वी, २५वी आणि ६१वी, म्हणजे एकेक सप्तक खालची, दोन सप्तकं खालची आणि एक सप्तक वरची पांढरी ६, याही मोजा. दर पंधरा दिवसांनी, एकाच वेळी, सकाळी मोजलेलं बरं. वहीत तारीख, आर्द्रता आणि चार आकडे लिहा. वर्षभरात तुमच्या घराचा स्वभाव कळतो: कुठल्या आठवड्यात सूर चढायला लागतो, कुठल्या आठवड्यात थांबतो. ट्यूनरला फोन करताना ही वही समोर ठेवली तर तो नेमकी तयारी करून येतो.

मापाशिवाय कानानेही तपासता येतं. मधल्या दोन सप्तकांतली एकेक पट्टी सावकाश दाबून धरा आणि आवाज विरेपर्यंत ऐका. स्वच्छ स्वर सरळ विरतो. आवाज "वँव-वँव" असा लाटांनी विरत असेल तर त्या स्वराच्या तीन तारांपैकी एक हलली आहे. सेकंदाला एक लाट म्हणजे ४४०च्या जागी दोन तारांत १ हर्ट्झचा, साधारण ४ सेंटचा फरक. एखादीच पट्टी अशी वाजली तर थांबता येतं. पाच-सहा पट्ट्या एका ओळीत वाजल्या किंवा ४९व्या पट्टीचा आकडा ४३८च्या खाली गेला तर बोलवा.

ट्यूनर आला की

नेहमीच्या ट्यूनिंगला दीड तास धरा. घरात शांतता ठेवा, मिक्सर, टीव्ही बंद, पंखा शक्यतो बंद. तो लाटा ऐकत असतो आणि पंख्याच्या घरघरीत त्या हरवतात. उभ्या पियानोचं वरचं झाकण आणि पुढचं फळकूट तो काढेल, तेव्हा वर ठेवलेले फोटो, फुलदाणी आधीच हलवून ठेवा.

तो आधी फेल्टची पट्टी किंवा रबरी पाचरी तारांमध्ये बसवतो, म्हणजे तीन तारांपैकी एकच वाजते. मग पांढरी ६ ट्यूनिंग फोर्कशी किंवा यंत्राशी मिळवतो आणि मधल्या सप्तकाचे बारा स्वर एकमेकांशी जुळवतो. इथे आपल्या कानाला वेगळं वाटणारी गोष्ट घडते: षड्ज-पंचमाची जोडी तो तंबोऱ्यासारखी अगदी शुद्ध ठेवत नाही, २ सेंट आत ठेवतो. आणि षड्ज-गंधाराची जोडी जवळजवळ १४ सेंट रुंद राहते. ३३वी आणि ३७वी पट्टी एकत्र दाबली तर सेकंदाला सुमारे ७ लाटा ऐकू यायला हव्यात. ही चूक नाही. कुठल्याही पट्टीला सा धरून वाजवता यावं म्हणून बाराही स्वरांत ती तडजोड सारखी वाटलेली असते. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या घरात "याने गंधार चढा लावला" अशी तक्रार होते, म्हणून हे आधी माहीत असावं.

मग सप्तकं खाली-वर पसरत जातात आणि शेवटी पाचरी काढून प्रत्येक स्वराच्या दोन-तीन तारा एकमेकींशी मिळवल्या जातात.

चांगलं काम ओळखायचं तर खुंटीकडे बघा. खुंटी साधारण ७ मिलिमीटर जाडीची, कठीण लाकडाच्या थरांच्या फळीत ठोकलेली. तिला नट नाही, ती केवळ घर्षणाने धरलेली असते. पान्याने वरचं टोक फिरवलं तरी फळीतलं खालचं टोक लगेच फिरत नाही, खुंटी मध्येच पिळली जाते. कच्चा माणूस सूर लागला की हात काढतो. रात्रीत ती पीळ सोडते आणि स्वर उतरतो. पक्का माणूस सूर किंचित वर नेतो, पट्टी दोन-तीनदा जोरात ठोकतो म्हणजे तारेच्या सगळ्या वळणांतला ताण सारखा होतो, आणि मग पान्याला अगदी हलका मागे दाब देऊन खुंटी जागेवर बसवतो. ट्यूनिंग करताना तो पट्ट्या जोराने ठोकतोय म्हणून घाबरू नका, त्याला थांबवू तर मुळीच नका. नवीन पियानोवर हे ठोकणं नसलेलं ट्यूनिंग आठवडाभरही टिकत नाही.

उशीर झाला तर

पहिली दोन वर्षं ट्यूनिंग झालंच नाही आणि सूर २५ सेंट खाली गेला, असं समजा. तारांचा एकूण ताण १८ टन असलेल्या पियानोवर याचा अर्थ ताण सुमारे अर्धा टन कमी झाला. ५० सेंट खाली असेल तर एक टन. हा भार परत चढवताना पहिल्या तारा वर ओढल्या की फ्रेम आणि साउंडबोर्ड दबतात, आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून एका फेरीत काम होत नाही. ट्यूनर पहिल्या फेरीत प्रत्येक स्वर हव्या त्यापेक्षा थोडा वर नेतो. मधल्या भागात जेवढा उतरलाय त्याच्या सुमारे पाव भाग जास्त, वरच्या स्वरांत त्याहून थोडं अधिक, खर्जात कमी. मग दुसऱ्या फेरीत बारीक जुळवणी. एकाच भेटीत दोन्ही फेऱ्या होतात, वेळ अडीच-तीन तास आणि पैसेही जास्त. पण त्याच्यानंतर दोन महिन्यांत आणखी एक ट्यूनिंग लागतंच. तार गंजलेली असेल, कारवारकडे हे फार दिसतं, तर ओढताना तुटण्याची शक्यता असते. नव्या पियानोवर एक वर्षात हे सगळं टाळता येतं.

ओलीवर उपाय

खानापूर, कारवार आणि बेळगावच्या ओल असलेल्या घरांत पियानोसाठीच बनवलेला गरम रॉड बसवून घ्यावा. थोड्या वॉटचा, बंद नळीचा असतो. उभ्या पियानोत खालच्या फळकुटामागे, तळाशी बसतो. तो आर्द्रता बघून आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचसह असेल तरच घ्या. स्विच नसलेला रॉड पावसाळ्यात छान वाटतो, पण मार्चमध्ये तो बंद करायचा विसरलात तर लाकूड इतकं वाळतं की खुंट्या सैल होतात. दोन-चार तास वीज गेली तर काही बिघडत नाही.

कपाटात दमट होऊ नये म्हणून लावतात तसा साधा बल्ब पियानोत सोडू नका. तो एकाच जागी तापवतो आणि आत लाकूड व फेल्ट असल्यामुळे आग लागू शकते. सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या मोठ्या पेटीला पुरत नाहीत. आपल्या जुलैत त्या दोन-तीन दिवसांत भरतात. खोलीतला डीह्युमिडिफायर मात्र उत्तम, दारं-खिडक्या बंद ठेवल्या तर.

पावसात पट्टी दाबल्यावर वर यायला उशीर लागत असेल तर तो ट्यूनिंगचा प्रश्न नाही. पट्टीच्या भोकातला फेल्ट फुगलेला असतो. तेल सोडू नका. खोली कोरडी झाली की बहुतेक पट्ट्या आपोआप मोकळ्या होतात. नाही झाल्या तर पुढच्या भेटीत ट्यूनर ते भोक दोन मिनिटांत मोकळं करून देतो.

खुंटीवर कुठलंही तेल, ग्रीस, गंज काढायचा स्प्रे कधीही मारू नका. खुंटी घर्षणानेच धरते. तेल एकदा फळीत मुरलं की ती पुन्हा धरत नाही आणि सगळी फळी बदलायची वेळ येते. गॅरेजचा पाना किंवा पकडसुद्धा लावू नका. खुंटीच्या डोक्याचे कोपरे गोल होतात आणि मग ट्यूनरच्या पान्यालाही पकड मिळत नाही. शिवाय चुकीच्या तारेची खुंटी फिरवत राहिलात तर ती तार ८०-९० किलोंच्या ताणाखाली तुटून तोंडावर येऊ शकते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी, चौथ्या ट्यूनिंगच्या वेळी, पट्ट्यांची खोली आणि हातोड्यांचं अंतर तपासून घ्यायला सांगा. नवा फेल्ट वर्षभरात दबतो. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जायला हवी, हातोडी तारेपासून ४५ मिलिमीटरच्या आसपास असावी. हे काम वेगळं आहे, ट्यूनिंगच्या पैशात धरलेलं नसतं, म्हणून आधीच विचारून ठेवा. वॉरंटीचा कागदही त्याच वेळी वाचा. देखभालीच्या अटी त्यात असू शकतात. प्रत्येक ट्यूनिंगची पावती, तारीख आणि पांढरी ६चा आकडा त्या कागदासोबत जपून ठेवा.

ट्यूनर बाहेरगावहून येत असल्यामुळे एकट्या घरासाठी त्याचा प्रवासखर्च जड जातो. कॅम्पातल्या शाळा, चर्च, संगीत शिकवणाऱ्यांची घरं, खानापूर-निपाणीतली एक-दोन घरं मिळून एकाच दौऱ्यात चार-पाच पियानो करून घ्या. एक माणूस दिवसाला तीन, फार तर चार पियानो नीट करू शकतो; त्यात कुणाचा बराच उतरलेला असेल तर तीनच धरा. चर्चना नाताळच्या आधी हवंच असतं, तेव्हा डिसेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यांनाच सोयीचा. त्यासाठी दिवाळी झाल्याबरोबर तारीख घेऊन टाका.